नेवसोहर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, दादाला तर नाहीच. कॉलेजातल्या एका मैत्रिणीला एकदा सांगायला बसले होते — चहा येईपर्यंत धीर होता, कप समोर आला आणि मी तिला तिची साडी कुठून घेतली म्हणून विचारलं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापाशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं नाही, हे आता कळतंय.

मी मराठीत लिहिते आहे, यालाही कारण आहे. माझी सगळी शाळा इंग्रजी. पत्र असो की वही, हात आपोआप त्या भाषेकडे वळतो. पण ही गोष्ट इंग्रजीत लिहिली, तर जे तेव्हा केलं तेच पुन्हा केल्यासारखं होईल. का — ते पुढे येईलच. मी टाळणार नाही.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते. दादा बोईसरला होता, खाडीवरच्या एका पुलाच्या कामावर ओव्हरसियर. स्टेशनजवळ भाड्याच्या दोन खोल्या, त्यात दादा, वहिनी आणि त्यांची साडेतीन वर्षांची मंजू. परीक्षा संपली की मी मुंबईहून त्यांच्याकडे राहायला जायची. दादा मला मॅडम म्हणायचा. "आमच्या मॅडमना मराठी कळत नाही हं, जरा सावकाश बोला," असं शेजाऱ्यांना सांगायचा. सगळे हसायचे. मीही हसायचे. आपल्याला कळत नाही असं लोकांना वाटलं, की फारसं बोलावं लागत नाही — आणि मला बोलायला नकोच असायचं. ही सोय मला लहानपणीच सापडली होती.

त्या दिवशी कसलाच बेत नव्हता. दादाला सुट्टी होती. वहिनी पोळ्या लाटत होती, तेवढ्यात तो बाहेरून आला. कामावरचा ट्रक मुरब्याच्या किनाऱ्यावर वाळू भरायला चाललाय, चला म्हणाला.

"अहो, आत्ता? माझी वेणीसुद्धा झाली नाही!"

"समुद्र काय तुझी वेणी बघायला बसलाय?"

अर्ध्या तासात आम्ही निघालोसुद्धा. वहिनी आणि मंजू पुढे ड्रायव्हरशेजारी, दादा आणि मी मागच्या रिकाम्या हौद्यात, चार मजुरांबरोबर. पायाशी त्यांची फावडी पडली होती. खड्डा आला की ती उडायची आणि एकमेकांवर आपटायची. दादानं त्यातलं एक पायानं दाबून धरलं होतं, माझ्या पायाला लागू नये म्हणून.

दिवस किती चांगला होता, हे लिहायला नको वाटतं. पण होता. सुरूच्या झाडांखाली आम्ही सतरंजी अंथरली. वाटेत घेतलेले ताडगोळे वहिनीनं सोलले, त्यांचं पाणी मंजूच्या कोपरापर्यंत ओघळलं. दादानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तिला खांद्यावर घेऊन पाण्यात गेला. लाट लांब असली की मंजू तिला "ये, ये" करायची. जवळ आली की "नको, नको" म्हणून दादाचे केस ओढायची. वहिनीला एवढं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. नंतरही पाहिलेलं नाही.

जेवणं झाल्यावर ती दोघं वाळूवरून लांब फिरायला गेली. लग्नानंतर प्रथमच अशी निघाली असतील. जाताना वहिनी म्हणाली, "मंजूकडे लक्ष असू दे. पुस्तकात तोंड खुपसून बसू नकोस."

मी मान हलवली, आणि पुस्तकात तोंड खुपसून बसले.

मंजू मला नकोशी झाली होती. होय, नकोशी. "आत्या, चल ना. आत्या, खेकडा. आत्या, बघ ना ग." माझं शेवटचं प्रकरण उरलं होतं. तेवढ्यात एक कोळीण तिथून चालली होती, ती थांबली. चाळिशीची असेल, काखेत रिकामी टोपली. मंजूशेजारी उकिडवी बसून ती तिच्याशी खेकड्यांबद्दल बोलू लागली. मंजू एकदम गप्प झाली, मग खिदळली. मग बाई मला म्हणाली, "बाय, पोरीला नेऊ का जरा? तितं होड्यांकडं. खेकडे दाकवते. लांब नाय, इतंच हाय."

मी वर पाहिलं. चांगलं पाहिलं. तिच्या वरच्या ओठावर तीळ होता आणि हातात हिरव्या बांगड्या. मी म्हटलं, "हो, न्या." मंजूला म्हटलं, "जा." आणि पान उलटलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या दिवसांत बोईसरकडे एक आवई उठली होती. पुलाचा खांब टिकायला त्याच्या पायात लहान मूल गाडावं लागतं, आणि त्यासाठी पोरं पळवणाऱ्या बायका गावोगाव फिरताहेत. मजुरांच्या वस्तीत बायका मुलांना झोपडीबाहेर सोडत नव्हत्या. दादा हसायचा. "खांब सिमेंटवर उभा राहतो रे, मुलांवर नाही," असं त्यांना समजावायचा. तो असा माणूस होता. हे लक्षात ठेवा.

दोघं फिरून परत आली. दादानं विचारलं, "मंजू कुठाय?"

"इथेच होती," मी म्हणाले.

का? खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? वहिनी रागावली असती. दादा दोन शब्द बोलला असता. ट्रकमध्ये बसेपर्यंत सगळे विसरले असते. एवढंच. एवढ्याला मी भ्याले. मी लाजाळू आहे असं घरात सगळे म्हणतात. पण ते लाजणं नव्हतं.

वहिनी किंचाळत समुद्राकडे धावली. कमरेपर्यंत पाण्यात शिरून हाका मारू लागली. मी काठावर उभी राहून तिच्याबरोबर हाका मारत होते — मंजू! मंजू! — आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून होड्यांकडे पाहत होते. हे मी केलं. एक बोट उचललं असतं तरी पुरलं असतं. त्याऐवजी मी घसा फोडून ओरडत होते.

मजूर हातातल्या फावड्यांसकट धावत आले. ड्रायव्हर होड्यांच्या मागे गेला आणि तिथून ओरडला, "साब, इधर! छुपाके बैठी है!"

ती लपली नव्हती. ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत ती बसली होती, मंजू तिच्या मांडीवर होती, आणि ऊन लागू नये म्हणून तिनं आपला पदर मंजूच्या डोक्यावरून घेतला होता. ड्रायव्हरनं मंजूचा दंड धरून हिसका दिला. बाईनं मंजूला सोडलं नाही. का सोडील? कुणीतरी परका माणूस आपल्या हवाली केलेलं पोर ओढतोय — तिनं घट्ट धरलं. तो ओढी, ती धरी, मध्ये मंजू रडून काळीनिळी झाली. त्यांना तेवढा पुरावा पुष्कळ झाला. कुणीतरी तिचे केस धरून मान मागे खेचली. मंजू सुटली.

दादा पोचला तेव्हा ती दोन्ही गुडघ्यांवर होती. तिनं मला पाहिलं आणि तिला हायसं वाटलं. "ह्या बायला इचारा," ती म्हणाली. "हिनंच सांगितलं न्या म्हणून. सांग ना ग बाय."

सगळे माझ्याकडे वळले. दादाचा चेहरा — तो मी वर्णन करणार नाही. "खरंय हे?" त्यानं विचारलं.

मी म्हणाले, "आय नेव्हर सॉ हर."

मी हिला कधी पाहिलेलं नाही.

घाबरल्यामुळे इंग्रजी तोंडात आलं, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. तसं नव्हतं. ती समोर होती. मी काय बोलते ते तिला कळू नये, म्हणून मी इंग्रजीत बोलले. तेवढा विचार करायला मला वेळ मिळाला होता.

आणि तिला कळलं नाही. तिला वाटलं, मी तिच्या बाजूनं बोलले. ती हसली — घाम, वाळू, विस्कटलेले केस, आणि त्यातून ती चांगली मोकळी हसली. "बगा, सांगितलं ना बायनं," म्हणाली.

दादानं तिच्या तोंडात मारली.

मग सगळेच. ती आडवी झाली तेव्हा लाथा सुरू झाल्या. तोंडात वाळू गेली म्हणून तिला नीट ओरडताही येईना. तिनं उजवा हात तोंडावर धरला आणि त्या हातावर फावड्याचा दांडा बसला. बांगड्या फुटल्या. दुसऱ्यांदा बसला तेव्हा फुटायला बांगड्या नव्हत्या, तेव्हा दुसराच आवाज आला. दादा, ज्यानं मला कधी चापटसुद्धा मारली नव्हती, तो तिला बुटानं मारत होता आणि रडत होता. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती आणि "बाय, बाय" करत होती. मला अजून नीट सांगता आलं नाही, असंच तिला वाटत असणार.

आणि मला बरं वाटत होतं. हे सगळ्यांत कठीण. सगळे तिच्याकडे बघत होते, माझ्याकडे कुणी बघत नव्हतं — आणि मला आतून बरं वाटत होतं.

बोंबील वाळत घालणाऱ्या बायका पलीकडून धावत आल्या. "मारली रे, बायला मारली!" हातात काठ्या, दगड, एकीच्या हातात कोयता. आम्ही ट्रककडे पळालो. दगडानं एका मजुराचं डोकं फुटलं, त्याचं रक्त माझ्या पुस्तकावर पडलं. पुस्तक मी विसरले नव्हते. ते मी उचलून आणलं होतं.

परतताना वहिनी ओलीचिंब होती, म्हणून मंजू माझ्या मांडीवर होती, आम्ही दोघी मागे हौद्याच्या कोपऱ्यात. हुंदके देत ती म्हणू लागली, "आत्यानं जा म्हटलं... आत्यानं..." मी तिच्या मांडीच्या आतल्या बाजूला चिमटा काढला. नखं रुतेपर्यंत. ती गप्प झाली, तरी लगेच सोडला नाही. दोन दिवसांनी तिला आंघोळ घालताना वहिनीला तिथे काळंनिळं दिसलं. "त्या रांडेनं किती आवळून धरलं होतं बघ," ती म्हणाली. मी पाहिलं आणि हो म्हटलं.

मंजू पुन्हा कधी ते बोलली नाही. मात्र कितीतरी दिवस एक शब्द घोळवत होती. "नेवसोहर, नेवसोहर." बाहुलीला झोपवताना, दूध पिताना, नेवसोहर. वहिनीला वाटलं, पोरीनं स्वतःच काहीतरी जुळवलंय. तिला त्याचं कौतुक वाटलं. दादाही लाडानं तिला नेवसोहर म्हणून हाक मारू लागला.

ओव्हरसियरसाहेबांच्याच मुलीला पळवत होते, ही गोष्ट बोईसरभर झाली. आधी ती आवई होती, आता तिला साक्षीदार मिळाले. आठवड्याच्या आत बाजारात एका वेड्या भिकारणीला लोकांनी दगडांनी मारलं. दादा त्या आवईला पुन्हा हसला नाही. महिन्याभरानं ड्रायव्हर सांगत आला, मुरब्याला आपला ट्रक आता शिरू देत नाहीत, त्या बाईचा हात वाकडा जुळलाय. सांगताना तो हसत होता. दादा हसला नाही. त्या संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "तू नक्की पाहिलं नव्हतंस ना तिला?" मी म्हटलं, "नाही." हे मराठीत म्हटलं. सवय झाली होती.

तिचं नाव मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

आता मंजू आठ वर्षांची आहे. शाळेसाठी मुंबईत आमच्याकडे असते, माझ्याच जुन्या शाळेत जाते. मासळीवाली दाराशी आली की अजून आतल्या खोलीत पळते. गेल्या रविवारी दादा-वहिनी आले होते. दादा पेपर वाचत होता, मंजू त्याच्या पायाशी बसून क्रियापदं पाठ करत होती, मी पुस्तक धरून तिच्याकडून म्हणवून घेत होते. "से, सेड, सेड. सी, सॉ, सीन." ती थांबली. पुन्हा म्हणाली, "सॉ." मग ओठ हलवत राहिली, गणित सोडवताना हलवते तसे.

"आत्या," ती म्हणाली, "नेवसोहर म्हणजे नेव्हर सॉ हर. हो ना?"

दादाचा पेपर खाली आला.

"कुणाला ग?" मंजूनं विचारलं. "कुणाला कधी पाहिलं नव्हतंस?"

"पुढचं म्हण," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सेल, सोल्ड, सोल्ड." दादानं पेपर पुन्हा वर घेतला, पण बराच वेळ पान उलटलं नाही.

मी तिला पाहिलं होतं. तिच्या वरच्या ओठावर तीळ होता, हातात हिरव्या बांगड्या होत्या. पोरीला नेऊ का, असं तिनं मला विचारलं आणि मी हो म्हटलं. मला मराठी कळत होतं.