नत्थूजींची मूठभर हळद

प्रताप नगरात नत्थूजी मिस्त्रींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बोनेट उघडायच्या आधीच ते दोष सांगून मोकळे होत, आणि दोष बहुधा ड्रायव्हरचाच असे. बहात्तर सालच्या उन्हाळ्यात ठेकेदार मधुकररावांची जुनी जीप गळका रेडिएटर घेऊन त्यांच्याकडे आली. नत्थूजींनी आपला लाडका इलाज केला, पाण्यात मूठभर हळद टाकली. हळद भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. थांबलीही. मालकांनी वाहवा केली, मिस्त्री फुगले.

पंधरवड्यात जीप सावनेरच्या रस्त्यावर उकळली. मग रोजच उकळू लागली. ड्रायव्हर धोंडबा काकुळतीला येऊन सांगत होता, "मी पाणी पाहूनच निंगलो होतो जी!" नत्थूजींनी आत डोकवायचेही कष्ट घेतले नाहीत. "हा पाणी न पाहताच गाडी हाकते," ते मालकांना म्हणाले. धोंडबाची नोकरी त्याच दिवशी गेली.

नवा ड्रायव्हर आला, तरी जीप तापतच राहिली. तेव्हा कुठे नत्थूजींनी रेडिएटर उतरवला. आतल्या बारीक नळ्या पिवळ्या गाळाने चोंदल्या होत्या. पाणी फिरणार कुठून? मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी सळईने नळ्या मोकळ्या केल्या आणि भोक कथलाने नीट झाळून बुजवलं. जीप ताळ्यावर आली. मिस्त्रींना मात्र अन्न गोड लागेना.

शेवटी ते धोंडबाच्या घरी गेले. तोंड उघडायच्या आतच धोंडबाने पाण्याचा गडवा पुढे केला.

"बरं झालं आले मिस्त्रीजी. तुमची माफीच मागाची होती. पाणी पाह्यलं असंच वाटे मले. पण तुम्ही म्हटलं, म्हणजे मीच इसरलो असन."

"आता कोणाचीच गाडी घेत नाहीत हे," त्याची बायको देवकी म्हणाली. "सोतावरचा भरोसाच गेला म्हणतात."

नत्थूजींना रडू कोसळलं. आपण याची नुसती नोकरी घालवली नव्हती.

"तू काही इसरला नाहीस गा, धोंडबा! माह्या हळदीनंच नळ्या चोंदल्या. चाल, मालकाले माह्या तोंडानं सांगतो."

धोंडबा जागचा हलला नाही. त्याने मिस्त्रींच्या पाठीवर हळूच हात ठेवला.

"मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिले तुम्ही. तुमची कधी चूक होते का, मिस्त्रीजी?"