शून्य तक्रारींचं गाव

नवरा गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी मी तुळजापुरातल्या एका कुटुंब सल्ला केंद्रात कामाला लागले. सासरी मारहाण झालेल्या बायका तिथं यायच्या. दोन्ही घरची माणसं समोरासमोर बसवून तडजोड व्हायची आणि बाई पुन्हा नांदायला जायची. मग दर दोन-तीन महिन्यांनी तिच्या घरी जाऊन विचारायचं: बरं चाललंय का, केंद्राची मदत झाली का, काही तक्रार? उत्तर फॉर्मवर लिहायचं, खाली तिची सही नाहीतर अंगठा आणि शेजारी माझी सही. मला तामलवाडीकडची गावं मिळाली. माझ्याआधी ती गावं बघणाऱ्या बाई उमरग्याच्या केंद्रात गेल्या होत्या.

त्यांचे जुने फॉर्म तक्रारींनी भरलेले होते. दारू सुटली नाही, माहेरी फोन करू देत नाहीत, सासू उपाशी ठेवते. माझ्या फॉर्मांवर मात्र सगळीकडे एकच ओळ, सगळं चांगलं हाय. वर्ष संपताना केंद्र चालवणाऱ्या सरांनी बैठकीत तक्ता दाखवला. माझ्या गावांतल्या तक्रारी शून्यावर आल्या होत्या. टाळ्या वाजल्या आणि खोटं कशाला बोलू, मी फुगले. सर म्हणाले, पुरावा समोर आहे, या गावांतल्या भेटी आता बंद करू आणि केसेस मिटवून टाकू.

तेव्हा मला त्यांतली एक मुलगी आठवली. वीस-एकवीस वर्षांची. तिला सासरी पाठवताना तिच्या बापानं माझ्यापुढं हात जोडले होते आणि मी शब्द दिला होता, मी जात राहीन, लक्ष ठेवीन. चार वेळा गेले. चारही वेळा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी, सासू माझ्या शेजारी चिकटून बसलेली. चौथ्या भेटीला भर उन्हाळ्यात तिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं होतं. "उन्हाचा तरास व्हतोय तिला," सासू न विचारताच म्हणाली. मी ते ऐकून घेतलं आणि मुकाट्यानं सही घेतली.

घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना, म्हणून आधीच्या बाईंना फोन केला. या बायका तुम्हाला कशा काय सांगायच्या, असं विचारलं.

"निघताना," त्या म्हणाल्या. "सून कुंकू लावायला पुढं येते की नाही? तोंड अगदी कपाळापाशी असतं. सासू पोचवायला दाराकडं वळलेली असते. तेवढ्यात दोन शब्द सांगून टाकायच्या. ते मी बाहेर आल्यावर सहीच्या वर लिहून घ्यायची. तुम्हाला तर…" आणि त्या अडखळल्या.

अडखळायचं काही कारण नव्हतं. विधवेला कुंकू लावत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. उलट घरच्यांची पंचाईत नको म्हणून चहा संपला की मीच झटकन उठायची. "येते हं," म्हणायची आणि बाहेर. कुणी मला टाळायच्या आत मीच त्यांना टाळायची, असा माझा तोरा. त्या तोऱ्यापायी इतक्या घरांतल्या बायकांची तोंडं बंद झाली होती. मला रीतीचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला.

सरांना म्हटलं, भेटी थांबवू नका. त्यांनी विचारलं, "पुरावा काय?" आणि माझेच फॉर्म माझ्यापुढं ठेवले. प्रत्येकावर माझी सही. आपलेच दात, आपलेच ओठ. एक शेवटची भेट घ्या आणि केस बंद करा, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सासूनं चहा दिला, सून दारात उभी राहिली, सगळं चांगलं हाय म्हणाली. चहा संपला. मी उठले नाही.

सासू वाट बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, गाडी चुकंल तुमची."

"कुंकू लावा, मग निघते."

"अगं बया! तुमाला?"

"हो, मला."

सुनेनं सासूच्या होकाराची वाट पाहिली नाही. ती करंडा घेऊन आली, माझ्यासमोर वाकली आणि हात वर केला तशी बाही खाली घसरली. मनगटाच्या वर काळेनिळे वळ होते, काही जुने, काही ताजे.

"तुमी येऊन गेल्यावर मारतेत," ती पुटपुटली. "काय सांगितलंस म्हून मारतेत. आता नगा येऊ."

माझ्या चार भेटी. चारही वेळा मी एसटीत बसून निवांत घरी गेले होते, आणि मागं हिनं त्याची किंमत मोजली होती. तिची ही पहिली खरी तक्रार, आणि ती माझ्याबद्दल होती.

मी तिचं मनगट धरलं, वळांच्या खाली, जपून. "चप्पल घाल. माझ्यासंगं चल."

"आत हायती. कुलपात ठिवतेत."

"मग तशीच चल."

सासू ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं शांतपणे कनवटीचा मोबाईल काढला आणि पोराला फोन लावला. आम्ही विहिरीजवळच्या पायवाटेनं निघालो. जमीन तापली होती, मुलगी अनवाणी पावलं उचलून टाकत होती. एसटी थांबायची ती डांबरी सडक अजून दोन शेतं लांब होती तेव्हा मागून मोटरसायकलचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. तिचं मनगट मात्र सोडलं नाही.