तीनशे वर्षांपुढचा साहेबराव

आमच्या ग्रुपातले दोघं जरी भेटले, तरी चहा यायच्या आत साहेबरावचा विषय निघतो! सिनेमा एकच काढला, पण किस्से पोत्यानं साठले.

साहेबराव म्हणजे आमचा हीरो. भातकुलीचा लाइनमन. सिनेमात तीनशे वर्षं पुढून आलेला माणूस! माझं अमरावतीत टेलरिंगचं दुकान, म्हणून ड्रेस माझ्याकडे. ऑटोच्या सीटचं चंदेरी रेक्झिन आणून सूट शिवला. ऑक्टोबरच्या उन्हात तो घालून साहेबराव म्हणाला, "ताई, तीनशे वर्सानं बी सुती कापड भेटत नाही काय?"

*

यान म्हणून थ्रेशरवर चांदण्या रंगवल्या. दुसऱ्याच दिवशी मालक हजर. "यान मंग उडवा, आंदी सोयाबीन काढू द्या!"

*

एकदा शॉट चालू असताना एक काकाजी आले. मोटरीची लाइन गेली होती. साहेबराव सूटसकट खांबावर चढला. काकाजींनी खालून निरखून पाहिलं. "नवीन युनिफॉर्म देल्ला काय रे तुमाले?"

*

आमचे डायरेक्टर प्रशांत सर अकोल्याचे, पण भविष्यातला माणूस शुद्धच बोलणार, हा त्यांचा हट्ट. डायलॉग होता, "मी येत आहे." साहेबराव दरवेळी म्हणे, "मी येऊन राहिलो!"

शेवटी सर वैतागले. "आवाज पुण्याच्या कलाकाराचा घेऊ."

साहेबरावचं तोंड एवढंसं झालं. "सर, माही माय म्हनीन, थोबाड माह्या पोराचं अन् आवाज कोनाचा?" मला फार वाईट वाटलं हो!

*

शेवटच्या सीनमध्ये हीरो पृथ्वी सोडतो. डायलॉग, "मी जातो." आठ टेक झाले, आठही वेळा, "येतो मंग."

"अरे, तू कायमचा चाललास!"

"घरून निघतानी 'जातो' म्हनत नाही सर. माय रागावते."

तेवढ्यात ऊन गेलं. सर म्हणाले, "राहू दे, डबिंगमध्ये पुण्याचा कलाकार बदलून बोलेल."

*

पुण्याचा कलाकार यायच्या आदल्या संध्याकाळी, भातकुलीच्या शाळेच्या भिंतीवर आम्ही सिनेमा लावून पाहिला. शेवटचा सीन आला. भिंतीवरचा साहेबराव यानाच्या दारात वळून म्हणाला, "येतो मंग."

पहिल्या रांगेतून त्याची माय ताडकन उठली. "काहून रे, उपाशीच चालला काय? जेऊन जाय!"

साहेबराव तिच्या शेजारीच बसला होता!

सरांनी डोळे पुसले अन् तिथूनच पुण्याला फोन लावला. "दादा, तुमी नोका येऊ. आमचा मानूस बोलून राहिला!"