सांदोळ देशाची वेळ

पुण्यात वेळ न पाळणारी माणसं पायलीची पन्नास मिळतील, पण वेळ ही चीजच नव्यानं बनवायला घेतलेला माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. राहायला वारज्याला, नोकरी खराडीला, म्हणजे निम्मं आयुष्य दुचाकीवर. काम काय, तर दुसऱ्यांनी केलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढणं. बाकीचं पुणं हे काम फुकट करतं, यांना त्याचा पगार मिळतो. पण ते झालं पोटापुरतं. खरे ते सांदोळ देशाचे रहिवासी. हा देश नकाशात शोधू नका, तो त्यांनी लेकीला भरवता भरवता रचला. तिथे सूर्य नाही. आभाळ सदा उजळलेलं, रात्र म्हणून होतच नाही. गोष्ट झकास चालली होती. पण एकदा लेकीनं घास गालात धरून विचारलं, "मग जेवायची वेळ झाली हे त्यांना कळतं कसं?" झालं! गोष्ट तिथेच थांबली आणि साडू कालगणनेच्या मागे लागले.

दुसऱ्या कुणी वाळू, पाणी, मेणबत्ती असलं काहीतरी ठोकून दिलं असतं. आमच्या साडूंनी इडलीचं पीठ निवडलं. सांदोळच्या प्रत्येक गावात मधोमध एक मोठं पातेलं असतं. त्यातलं पीठ फुगून काठाला आलं, की गावातल्या जाणत्यानं पातेल्यावर पळी वाजवायची; एक 'काठ' झाला. मग इडल्या खायच्या, नवं पीठ घालायचं, पुढचा काठ सुरू. पातेलं वाजल्याशिवाय तिथे कुणाचं वय वाढत नाही. आता पीठ उकाड्यात भराभर फुगतं आणि थंडीत रेंगाळतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्यामुळे सांदोळच्या सपाटीवर माणसं बघता बघता म्हातारी होतात आणि थंडगार डोंगरावरची वर्षानुवर्षं तरणीताठी राहतात. मी हसलो, तर म्हणाले, यातली एक चूक काढून दाखवा. मला आजतागायत सापडलेली नाही.

एवढ्यावर थांबतील तर ते साडू कसले! जो देश आपण स्वतः जगून बघितला नाही, तो ऐकणाऱ्याच्या माथी मारायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. एका डिसेंबरात आम्ही त्यांना दुपारी जेवायला बोलावलं. पानं वाढून सगळे ताटकळले आणि स्वारी उगवली दिवेलागणीला. मी म्हटलं, या, रात्रीच्या जेवणाला बरेच लवकर आलात. त्यावर दिलगिरी वगैरे काही नाही. घरचं पीठ आत्ता कुठे काठाला आलं, असं शांतपणे सांगून ते पाटावर बसले. मग एका मे महिन्यात वारजे ते खराडी हे अंतर किती काठांचं, ते मोजायला निघाले. पिठाचा डबा पाठीवरच्या सॅकमध्ये. वाटेत पुलावर वाहतूक तुंबली, ऊन मी म्हणत होतं, आणि ऑफिसात पोहोचेपर्यंत पिठानं झाकण उडवून लॅपटॉप गिळला होता. साहेबांनी जाब विचारला, तेव्हा पुण्याच्या ट्रॅफिकचं पहिलं अचूक मोजमाप हाती आल्याबद्दल यांनी त्यांचंच अभिनंदन केलं. आमची मेहुणी हे सगळं निमूट सोसते. इतरांचे नवरे पितात, आमचा आंबवतो, एवढंच तिचं म्हणणं.

या सगळ्यात मूळ गोष्ट मात्र अडकून पडली होती. सपाटीवरची एक मुलगी वैद्यकी शिकायला डोंगरावर गेलेली, बाप गावात वाट बघतोय, आणि ती काही परत येत नव्हती. अशात गेल्या वर्षी साडूंच्या लेकीला परदेशात, अगदी बर्फाच्या मुलखात, शिकायला प्रवेश मिळाला. घरात बांधाबांध सुरू झाली आणि तिनं बापापाशी एकच हट्ट धरला: मी विमानात बसायच्या आत त्या मुलीला घरी आणा. साडूंनी होकार दिला आणि त्यांचं तोंड उतरलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. हिशेब कसाही मांडला, तरी मुलगी शिकून डोंगर उतरेपर्यंत सपाटीवर इतके काठ उलटत होते, की बाप जिवंतच राहत नव्हता. मी म्हटलं, अहो, देश तुमचा, पातेलं तुमचं, बापही तुमचाच. द्या की थोडं आयुष्य वाढवून. मी पेपर फोडायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"दादा, चूक डोळ्यांना दिसतेय आणि पास करू? मी?"

मला त्यांचा संतापही आला आणि कीवही.

लेक परदेशी जायच्या आधीच्या रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. हात धुऊन झाल्यावर तिनं विषय काढलाच. साडू खाली बघत पुटपुटले की जमत नाही, बाप उरत नाही.

"बाबा, उन्हाळ्यात पीठ फसफसू नये म्हणून आई पातेलं गार पाण्यात ठेवते ना? गोष्टीतल्या बाबांनाही पातेलं तसं ठेवू दे."

साडू विचारात पडले. पातेलं पाण्यात ठेवू नये, असा नियम त्यांनी कुठेच केलेला नव्हता.

"पण सगळ्या गावाची वेळ थांबेल. गाव ऐकेल?"

"मुलगी यायचीय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

यावर हा जगाच्या चुका काढणारा माणूस आमच्या सगळ्यांसमोर रडला. मग डोळे पुसून त्यांनी तिथेच उरलेली गोष्ट सांगितली. मुलगी डोंगर उतरून आली, तेव्हा बाप वेशीवर उभा होता, जसाच्या तसा. लेक शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत राहिली आणि त्याच आठवड्यात गेली.

जानेवारीत आम्ही दोघं वारज्याला गेलो. कडाक्याची थंडी होती. अशा दिवसांत लोक पिठाच्या पातेल्याला शाल गुंडाळून उबेला ठेवतात. साडूंच्या ओट्यावर ते परातभर गार पाण्यात ठेवलेलं होतं. मी मेहुणीकडे बघितलं. ती म्हणाली, "रोज पाणी बदलतात. मीही काढत नाही." इडल्या काही होणार नव्हत्या. आम्ही पोहे खाल्ले.