उरलेल्या गोळ्या

“जो उरलो, तो बापूस झालो,” असं म्हणून काका चष्मा कपाळावर ढकलत आणि समोरच्याला कळलं की नाही ते बघत. बहुतेकांना कळलेलं नसे. मग ते हसत आणि पहिल्यापासून सांगायला घेत: जो तगतो, त्याचीच पोरं पुढे येतात.

आमच्या काळाचौकीच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून. सगळी नोकरी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये गेली. काम जंतूंचं. रुग्णाच्या लघवीतले, थुंकीतले जंतू काचेच्या बशीत वाढवायचे, त्यांच्यावर एकेक औषध घालून बघायचं. मेले तर त्या औषधापुढे ‘एस’ लिहायचं, पुरून उरले तर ‘आर’. निवृत्त झाल्यावर ते गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि आमच्या दुखण्यांची कारणं लाखो वर्षांमागे शोधत. असा एखादा शेजारी तुम्हीही पाहिला असेल. विचारा काहीही, उत्तर माकडापासून सुरू.

तळमजल्यावरच्या मावशी कंबर धरून जिना चढल्या की काका म्हणत, “कणो होतो आडवो, आपण केलो उभो. मगे दुखतलोच.”

“मग काय आता रांगत येऊ वर?” मावशी विचारत.

“येवन् बघ. बरा वाटात.”

त्याच मावशी गणपतीत, साखरेचा आजार असताना, पाचवा मोदक उचलताना सापडल्या. सुनेनं आरडाओरडा केला. काका मध्ये पडले. “जिभेचो दोष नाय गो. लाखो वर्षां तिका गोड म्हणजे वर्षातून एकदा मधाचा पोळा. तिका अजून म्हायतच नाय, कोपऱ्यार मिठाईचा दुकान इला म्हणान.” मावशी खूश झाल्या. तोवर काकांनी मोदक त्यांच्या हातातून काढून स्वतः खाल्ला होता.

एक गोष्ट मात्र आम्हा सगळ्यांना माहीत होती. काका मालवणी सोडून पुस्तकी मराठीत बोलू लागले की प्रकरण गंभीर.

आता माझं सांगते. मला याद्या करायची सवय आहे. पाण्याच्या वेळा, वर्गणी, जिना झाडायच्या पाळ्या, सगळ्याच्या याद्या चाळीत मीच करते. चाळीचा औषधांचा डबाही माझ्याकडे असे. कोणाला बरं वाटलं, गोळ्या उरल्या, की ते आणून देत. मी तारीख बघायची, कात्रीनं पट्ट्या नीट कापायची, लेबल लावायची: खोकला, जुलाब, लघवीची जळजळ. ज्याला लागेल त्यानं यावं, घेऊन जावं. विरजण मागावं तितक्या सहज लोक येत. मला त्या डब्याचा फार अभिमान होता.

एका संध्याकाळी काका दारात उभे राहिले. तळहातावर अँटिबायोटिकच्या तीन कॅप्सूल.

“या तुझ्या डब्यातल्या?”

“हो. काकींना खोकला होता म्हणून दिल्या. तारीख बघूनच दिल्यात.”

“तारीख बघितलीस. डॉक्टरनं बघितलं?”

“साध्या खोकल्याला डॉक्टर कशाला, काका? सगळी चाळ माझ्याकडून नेते.”

“म्हणूनच आलो,” ते म्हणाले. दारात आल्यापासून ते पुस्तकी मराठीतच बोलत होते. “पोटात लाखो जंतू असतात. पुरा कोर्स न घेता तीनच गोळ्या घेतल्या की नरम असतात ते मरतात. दोन-चार चिवट उरतात. आता सगळी जागा त्यांची, सगळं खाणं त्यांचं, आणि पुढची सगळी पिल्लंही त्यांचीच. तीही चिवट. आणि ती काय एका खोलीत राहतात? आपला संडास एक, नळ एक.”

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चांगल्या कामाला नावं ठेवली म्हणून. नवव्या दिवशी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. आम्ही दोघांनी बसून तो रिकामा केला. त्यानंतर मी नवी यादी केली: कोणाला किती दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्यात आणि त्या कधी संपतात. संध्याकाळी दारं ठोठावून विचारायचे. लोक कंटाळत. काका मला “हवालदारीणबाय” म्हणायला लागले.

दोन वर्षांनी काकांचं लघवीचं ऑपरेशन झालं. नळी होती, तिथून जंतू शिरले. ताप उतरेना, लघवी कमी झाली, हातपाय सुजले. काकी आणि मी आळीपाळीनं इस्पितळात बसायचो. ते शनिवारी गेले. मी सांगतेय ते त्याआधीच्या बुधवारचं.

लॅबचा रिपोर्ट आला होता. काकी बाहेर बाकावर होत्या. काकांनी कागद माझ्या हातात दिला. “वाच.”

मी वाचायला लागले. औषधाचं नाव, आर. दुसरं नाव, आर. प्रत्येक नावाला ते मान हलवत होते, ओळखीचं कोणी गेल्याचं कळल्यासारखी. पानाच्या मध्यावर मला पुढे वाचवेना.

“माझ्या डब्यामुळे का हो, काका?”

“एका डब्यानं होत नाही. मुंबईभर घरोघरी डबे आहेत. आणि तरुणपणी मीसुद्धा बरं वाटलं की तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडायचो. शिकलेला असून. पुढे वाच.”

शेवटच्या ओळीपुढेही आर होतं. मी आयुष्यात कधी कुठली यादी चुकीची वाचलेली नाही.

“एस,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. असे किती कागद त्यांनी स्वतः लिहिले होते. खरंच एस असतं तर ते औषध सकाळीच सुरू झालं असतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

“बरा झाला,” ते म्हणाले. “मगे तुझ्या काकीक पण तसाच सांग.”

मी बाहेर गेले आणि तसंच सांगितलं. काकींनी डोळे मिटून हात जोडले. मग पिशवीतून स्टीलचा डबा काढला.

“मगे वायच पेज दिली तर चलात?”

“चालेल,” मी म्हणाले.

काकींनी आत जाऊन भरवली. काकांनी चार चमचे खाल्ले, पाचव्याला मान फिरवली. काकी तो चमचा तसाच धरून वाट बघत राहिल्या.