आंटीची वही

सासू दारात उभी, माझी पिंकी तिच्या कडेवर, आणि सासू म्हणते, "पोरीला घेऊन माहेरी पलायचं ठरवलंस? देवाला सांगतेस, आमाला नाय?" नवरा पिऊन मारतो, शनिवारी चिरनेरला आईकडं जाते, हे मी एकाच माणसाला सांगितलेलं. आंटीला. त्याच दुपारी सासूनं पिंकीला बेलपाड्याला नणंदेकडं नेऊन ठेवली.

आंटी पनवेलला आमच्या मागच्या गल्लीत शिवणकाम करायची. ख्रिस्ती होती. दर मंगळवारी तिच्या खोलीत सात-आठ बाया गोल बसायच्या, येशूबद्दल काय विचारायचं असंल ते विचारायच्या. मी चौथी शिकलेली, तरी ती मलाच आधी विचारायची. एकदा मी म्हटलं, "मारणाऱ्याला माफ करायचं, हे मला नाय पटत." आंटी हसली. "नाही पटलं तर नाही पटलं म्हण. देव काय रुसत नाही." असं मला जन्मात कोण बोललं नव्हतं. माझ्या पोरीचे फ्रॉक फुकट शिवायची, उरलेल्या कापडाची फुलं लावून.

तिची एक वही होती. ज्याची अडचण त्याचं नाव आणि ती अडचण त्यात, मग मोठ्यानं वाचून प्रार्थना. शुक्रवारी दुसऱ्या बाया बसायच्या, मंगळवारचं सगळं ती त्यांनापण वाचून दाखवायची. त्यांच्यात आमची शेजारीण होती, तिनं सासूला सांगितलं.

"माझं नाव का वाचलंत, आंटी?"

"अगं, नाव न घेता कुणासाठी मागू? जास्त जणींनी मागितलं तर बरं, वाटलं मला." रडली. मला दया नाय आली.

पिंकी बारा दिवसांनी परत आली, तर माझ्याकडं येईना, सासूच्याच पदराला धरून. तेव्हा मी ठरवलं.

आंटी सगळ्यांना सांगायची, मुलगा दुबईला असतो. फ्रॉक शिवताना मला एकटीला खरं बोललेली. मंगळवारी तिनं वही उघडली, "आज प्रार्थनेला कुणाचा विषय?" मी म्हटलं, "तुमच्या मुलाचा. तो दुबईला नाय, जेलात हाय. सगळ्या मिळून मागा."

आंटीनं पेन घेतलं, मुलाचं नाव लिहिलं, मोठ्यानं वाचलं. मग डोळे मिटले आणि आधी माझ्यासाठी मागितलं. नाव घेऊन.

महिन्याभरात ती खोली सोडून गेली, कुठं ते कोणाला ठाऊक नाय. मला तेव्हा बरं वाटलं, अजून वाटतं. पिंकीला तो फुलांचा फ्रॉक आता होत नाय, तरी मी टाकला नाय. मी अजून याच घरात हाय, शनिवार आला की चिरनेरचीच आठवण येते. तुमची पोर अशी नेली असती, तर तुमी काय केलं असतं?