शर्यत सोडणारीचे डोळे

सत्तरच्या दशकात मी धरमपेठेतल्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत होते, आणि मला कशाचीही भीती वाटत नव्हती. हेडबाईसुद्धा माझ्याशी जपून बोलत. मैदानात शिरलेली म्हैस मी एकदा नुसत्या शिट्टीवर बाहेर काढली होती. शर्यती सोडायला, म्हणजे सुरू करून द्यायला, शाळेकडे पिस्तूल होतं, गोळी नसलेलं, फक्त आवाज करणारं. ते आभाळाकडे धरून उभी राहिले की मी स्वतःवर भलतीच खूश असे.

खोड एकच होती. बार उडायच्या क्षणभर आधी माझे डोळे गच्च मिटत. मला याचा पत्ताच नव्हता; स्वतःचे मिटलेले डोळे कोणाला दिसतात?

कळलं ते एका उंच मुलीमुळे. शाळेतल्या शंभर मीटरमध्ये ती सलग दोन वर्षं पहिली. शाळाशाळांच्या स्पर्धेत मात्र दुसऱ्या शाळेच्या सरांनी बार उडवला, बाकीच्या सुटल्या आणि ही रेषेवरच. आली शेवटची. मी तिला चांगलंच फैलावर घेतलं.

“झोपली होतीस काय वं?”

“त्या सरनं डोळेच नाही मिटले, बाई,” ती रडत म्हणाली. “तुमचे डोळे मिटते ना, मी तवाच पळतो.”

घरी जाताना सायकलवर मी आधी तिच्यावर चिडले, मग स्वतःवर. पुढच्या स्पर्धेला शाळेतून एकच मुलगी जाणार होती आणि तिची निवड माझ्याच पिस्तुलावर व्हायची होती. हातात पंधरा दिवस होते. एवढ्यात ही खोड मोडायचीच, असं मी ठरवलं. आणि मी ठरवलं की ते होत असे.

शाळेचे चपराशी फौजेतून निवृत्त झालेले. शाळा सुटल्यावर त्यांच्यासमोर दोन बार उडवले. ते हसले.

“बाई, तुमी चाप झटक्यानं ओढून राह्यल्या. आता बार होईन हे अगोदरच माहीत असते, म्हणून डोळा मिटते. हळूहळू दाबा. कधी होईन, ते तुमाले समजलंच नाही पायजे.”

मग पिस्तूल तेच भरायला लागले. आत नवं काडतूस आहे की वापरलेलं, ते सांगत नसत. मी चाप दाबे. कधी धाड, कधी नुसतं टक. गंमत म्हणजे टक झालं तरी माझे डोळे मिटत, आणि ते समोर उभे राहून शांतपणे म्हणत, “मिटला.” आठवडाभर मी हेच ऐकलं. लाज वाटली, रागही आला, पण सोडलं नाही. एके संध्याकाळी सहाच्या सहा वेळा ते काहीच बोलले नाहीत. मी त्यांना कँटीनमध्ये नेऊन समोसा खाऊ घातला.

निवडीच्या दिवशी मी चाप हळूहळू दाबत गेले. धाड! डोळे सताड उघडे. इतकी वर्षं मी शर्यती सोडत आले होते, पण शर्यत सुटताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. उंच मुलगी ओणवी, माझ्या तोंडाकडे बघत थांबलेली. आणि लांबच्या इंदोरा वस्तीतून सायकलने येणारी, नेहमी दुसरी येणारी बारकी मुलगी तीन पावलं पुढे गेलेली. ती हातभर अंतराने जिंकली.

उंच मुलगी पाय आपटत आली. “तुमी डोळेच नाही मिटले, बाई!” जशी काही लबाडी मीच केली होती.

यादीत मी बारकीचं नाव लिहिलं आणि तिच्याकडे गेले. ती नळाखाली तोंड धूत होती. मला मनापासून वाईट वाटत होतं, आणि ते मी सगळ्यांदेखत बोलून दाखवलं.

“दोन वर्षं तू माझ्यामुळे दुसरी आलीस. मी डोळे मिटते, हे तुला ठाऊक होतं?”

“सगळ्याइले ठाऊक होतं, बाई.”

“मग तूही तवाच काहून नाही पळालीस?”

तिने ओढणीने तोंड पुसलं. माझ्या प्रश्नाचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

“तुमीच तं सांगतलं होतं,” ती म्हणाली, “आवाज झाल्यावर पळायचं.”